खोक्यावरचे सहा हजार

"मामा, खोक्यावर ६००० लिहिलंय आणि इथे ४८००च दिसतंय. दुकानदारानं दुसरीच रॅम दिली का?"

भाचीचा संगणक आम्ही दोघांनी कोथरूडच्या तिच्या घरी, सतरंजीवर बसून जोडला होता. ती आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रायझन ७००० मालिकेतला प्रोसेसर आणि १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर५ स्टिक. विंडोज बसली, टास्क मॅनेजर उघडला आणि तो आकडा पाहून तिचा चेहरा उतरला. दुकानदाराची काहीच चूक नव्हती. खोक्यावरचा वेग आपोआप मिळत नाही, तो बायोसमध्ये जाऊन मागावा लागतो. हे खोक्यावर ठळक लिहीत नाहीत, याची मला मनापासून चीड येते. पूर्ण पैसे मोजूनही वर्षानुवर्षं कमी वेगानं चाललेली कितीतरी यंत्रं मी उघडून पाहिली आहेत.

प्रत्येक स्टिकवर एक इवलीशी चिप असते, तिच्यात त्या स्टिकची कुंडली लिहिलेली असते. सुरुवातीला असतात जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचे सावध आकडे. आमच्या स्टिकसाठी ते होते ४८०० आणि १.१ व्होल्ट. मदरबोर्ड नवी स्टिक पाहिली की आधी हेच धरतो, कारण यावर यंत्र सुरू होण्याची खात्री जास्त. त्याच चिपमध्ये पुढे स्टिक बनवणाऱ्यानं स्वतः तपासलेले आकडे असतात: ६०००, सीएल ३०, १.३५ व्होल्ट. इंटेलनं ही सोय २००७ मध्ये एक्सएमपी नावानं आणली, एएमडीनं डीडीआर५साठी २०२२ मध्ये एक्स्पो. पण एएमडी स्वतः या प्रोसेसरसाठी दोन स्टिकवर ५२००चीच हमी देते. म्हणजे ६०००चा शब्द स्टिकवाल्याचा आहे. प्रोसेसर आणि मदरबोर्ड तो पाळतील का, ते लावूनच कळतं.

एक्स्पो चालू करण्याआधी मी आहे त्या ४८००वर मेमटेस्ट८६+ लावला. पेन ड्राइव्हवरून चालणारा हा फुकट प्रोग्राम रॅमच्या घराघरात आकडे लिहितो आणि परत वाचून पडताळतो. एकही चूक निघाली नाही. स्टिक निर्दोष होत्या. स्लॉटही पाहून घेतले. प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा, क्लिपा पूर्ण बसलेल्या.

मग डिलीट दाबत बायोसमध्ये शिरलो, एक्स्पो निवडलं, सेव्ह केलं. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि पडदा काळाच राहिला. मदरबोर्डवर डीरॅम लिहिलेला पिवळा दिवा तेवढा पेटलेला.

"बिघडलं?" तिचा हात बटणाकडे गेला. मी तो धरला.

बरेच जण नेमके इथेच घाबरतात आणि वीज तोडतात. खरं तर त्या वेळी आत ट्रेनिंग चालू असतं. ६००० म्हणजे एका तारेवरून सेकंदाला सहा अब्ज बिट. एका बिटच्या वाट्याला १६७ पिकोसेकंद येतात. तेवढ्यात प्रकाशसुद्धा पोकळीत पाचच सेंटिमीटर जातो. मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेघांची लांबी केसभर इकडेतिकडे झाली तरी फरक पडतो. म्हणून प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर प्रत्येक तारेवर नमुने पाठवतो, परत वाचतो, थोडं आधी वाचून पाहतो, थोडं उशिरा, थोड्या कमी-जास्त व्होल्टेजवर, आणि जिथे सगळं बिनचूक वाचता येतं त्या पट्ट्याच्या मधोमध थांबतो. एकेका स्टिकवर नुसत्या डेटाच्याच ६४ तारा. तंबोरा लावताना खुंटी पिळत, कान देत स्वर गाठावा, तसंच हे काम आहे. त्याला वेळ द्यावाच लागतो.

चौथ्या मिनिटाला पडदा उजळला. ६०००. तिनं टाळी वाजवली.

मी रात्रभर मेमटेस्ट पुन्हा लावून ठेवला. सकाळी पडद्यावर एक लाल ओळ होती. तिसऱ्या फेरीत एक चूक. एवढ्या कोट्यवधी वाचनांत एकच, मग काय बिघडलं, असं तिनं विचारलं. बिघडतं ते असं की संगणक लगेच बंद पडत नाही. एखादा बिट उलटतो, तो तसाच फाइलमध्ये सेव्ह होतो आणि तीन महिन्यांनी प्रोजेक्ट उघडत नाही. विद्यार्थिनीच्या, ४८००वर बिनचूक चालणाऱ्या यंत्रावर मी ६०००वरची एक चूकही ठेवणार नाही.

४८००वर चूक नव्हती, त्यामुळे दोष स्टिकमध्ये नसून वाढलेल्या वेगावरच्या जुळणीत असावा. मदरबोर्डवाल्यांचं नवं बायोस उतरवून घातलं. त्यानं सगळ्या सेटिंग पुसल्या जातात, तेव्हा एक्स्पो पुन्हा चालू केलं. पुन्हा काळा पडदा, पुन्हा एक रात्र. या वेळी सगळ्या फेऱ्या स्वच्छ. ट्रेनिंगनं निवडलेली जागा या वेळी सुधारली असणार.

रेंडरला याचा फार फायदा होणार नाही, हेही मी तिला सांगितलं. तिथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड राबतात. गेममध्ये, मोठ्या फाइल दाबून बांधताना फरक जास्त जाणवतो.

वर्षभरानं तिची मॉडेलं ३२ जीबीत मावेनात. तशीच आणखी एक जोडी घेऊन उरलेले स्लॉट भरायचे, असा तिचा बेत होता. मी तिला एएमडीचा तक्ता दाखवला: चार स्टिक लावल्या की हमीचा वेग ३६००. एकाच वाहिनीवर दोन स्टिक टांगल्या की संकेत परावर्तित होऊन धूसर होतात, आणि एकसारखी दोन खोकी घेतली तरी ती एकत्र तपासलेली नसतात. मॉडेल मावतच नसेल तर ३६००वरचे ६४ जीबीसुद्धा ६०००वरच्या ३२पेक्षा बरे. पण ३२-३२ची एकच जोडी घेतली तर दोन्ही साधतं. तिनं जुनी जोडी मैत्रिणीला विकली.

नवी जोडी तिनंच बसवली. क्लिपा खटखट वाजल्या, एक्स्पो चालू झालं, पडदा काळा झाला, पिवळा दिवा लागला. तिनं फोनवर घड्याळ लावलं, हात मांडीवर ठेवले आणि पेन ड्राइव्ह कुठे ठेवलाय ते मला विचारलं.