आडनाव एक, पण मूळ पुरुष एकच का? डीएनए चाचणी काय सांगते

आडनाव बापाकडून पोराकडे येते. पुरुषाच्या पेशीतले वाय गुणसूत्रही तसेच, जवळपास जसेच्या तसे पुढे जाते. त्यामुळे एकाच आडनावाच्या दोघांचा वाय जुळला, तर त्यांचा मूळ पुरुष एक असू शकतो. तपासणीला थुंकीचा नमुना पुरतो. बायकांमध्ये वाय नसतो, म्हणून त्यांना वडिलांचा किंवा भावाचा नमुना द्यावा लागतो.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी आपल्याच आडनावाचे पुरुष तपासले. २००० साली निकाल छापून आला. जवळपास निम्म्यांचा वाय एकच निघाला, बाकीच्यांचा वेगळा.

आपल्याकडे तर पाटील, कुलकर्णी, देशमुख ही वतनावरून पडलेली नावे. गावोगावचे पाटील काही एका घरातले नव्हेत. शिवाय मागे कधी भावकीबाहेरचा मुलगा दत्तक आला असेल, तर आडनाव तेच राहते, वाय बदलतो.

म्हणून अहवाल जुळला नाही तरी कुणाला भावकीतून परके ठरवू नये. वंशावळ लावायची तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, जुने फेरफार अन् जन्म-मृत्यूच्या नोंदी काढा, मोडी वाचणारा गाठा. चाचणीचे पैसे त्यानंतर.