पोर 'ढ' नसते!

दहावीचे पोर म्हणते, "वाचतो, पण ध्यानातच राहत नाही." आईबाप समजतात, याला डोकेच नाही. बंधू-भगिनींनो, बुद्धी जन्मावर ठरते ही शिकवण आपण केव्हाच झुगारली. मग पोटच्या पोराला 'ढ' का म्हणायचे?

विसरणे सर्वांनाच आहे. जर्मनीच्या हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली दाखवले, की अर्थहीन अक्षरे पाठ केली तर तासाभरातच निम्म्याहून अधिक विसरतात. अर्थ समजलेले जास्त टिकते. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात आठवड्यानंतर कोणाच्या जास्त लक्षात राहिले? धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांच्या नव्हे, तर न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या! बुद्धवचनसुद्धा लिहिले जाण्यापूर्वी भिक्खूसंघाने कित्येक पिढ्या मिळून पठण करूनच जपले.

हे काम निरक्षर आईलाही जमते. भाकरी थापता थापता विचारा, "आज काय शिकलास? आपल्या घरच्या बोलीत सांग." स्वतःच्या शब्दांत सांगताना मूल विचार करू लागते. अडेल तेथे पुस्तक उघडू द्या. तेच उद्या विचारा, आठवड्याने पुन्हा विचारा. याला क्लासची फी पडत नाही. फक्त रोज पंधरा मिनिटे टीव्ही बंद ठेवावा लागतो.