तेलंग, काशिनाथ त्र्यंबक

(३० ऑगस्ट १८५० – १ सप्टेंबर १८९३). महाराष्ट्रातील एक विधिज्ञ, राजकीय नेते व प्राच्यविद्यापंडित. जन्म मुंबईस. शिक्षण एल्फिन्स्टन महाविद्यालयात. एम्. ए. व एल्‌एल्. बी. झाल्यावर १८७२ पासून त्यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिलीस आरंभ केला. संस्कृत धर्मग्रंथांचे मूळातून ज्ञान असल्याने हिंदू कायद्याच्या दाव्यांत त्यांच्या मताला विशेष वजन प्राप्त झाले.

संयत भाषा व पुराव्यावर आधारलेला युक्तिवाद हे वकिलीतील गुण त्यांनी राजकारणातही आणले. १८८३ मध्ये इल्बर्ट विधेयकाच्या समर्थनार्थ मुंबईत झालेल्या सभेतील त्यांचे भाषण ह्याचे उदाहरण होय. १८८४ मध्ये ते मुंबई विधिमंडळाचे सदस्य झाले. फिरोजशाह मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासमवेत त्यांनी १८८५ मध्ये बाँबे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली आणि त्याच वर्षी काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनात भाग घेतला. १८८९ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाल्यावर त्यांचे सक्रिय राजकारण संपले. १८९२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले.

शास्त्रवचनांचा अर्थ समाजातील बदलती रूढी ध्यानात घेऊन लावावा, अशी त्यांची न्यायदृष्टी होती. अप्पाजी विरुद्ध रामचंद्र (१८९१) ह्या खटल्यात बाप आपल्या वडिलांशी वा भावांशी एकत्र असताना त्याच्या संमतीविना मुलास वाटणी मागता येत नाही, असा बहुमताचा निर्णय झाला. तेलंगांनी त्याविरुद्ध मत देऊन मुलाचा स्वतंत्र हक्क मान्य केला. पुढे अन्य काही उच्च न्यायालयांनी त्यांच्या मताशी जुळणारी भूमिका घेतली.

सामाजिक प्रश्नांत मात्र त्यांचा मार्ग सावधपणाचा होता. ज्या दिशेने विरोध कमी, तिकडून सुधारणा पुढे न्यावी, हे मत त्यांनी १८८६ मधील व्याख्यानात मांडले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यास त्यांनी पाठिंबा दिला. तथापि त्यानंतर कुटुंबीयांच्या आग्रहापुढे नमून स्वतःच्या मुलीचा विवाह बालवयातच केला. त्यामुळे त्यांच्यावर कठोर टीका झाली. कायद्याने मान्य केलेली सुधारणा घरात उतरविणे त्या काळच्या सुशिक्षितांना किती अवघड होते, हे ह्या घटनेवरून दिसून येते.

त्यांचा भगवद्‌गीतेचा इंग्रजी गद्यानुवाद १८८२ मध्ये माक्स म्यूलर यांनी संपादिलेल्या प्राच्य धर्मग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. मुद्राराक्षस नाटकाची चिकित्सक आवृत्तीही त्यांनी सिद्ध केली. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.