मूर्तिकाराची वही

कलावंताला हिशेब जमायचा नाही, असा एक समज आपल्याकडे फार रूढ आहे. गंमत अशी की, कलावंतही पुष्कळदा तो कौतुकाने मिरवतात! पण ज्याचे घरच कलेवर चालते, त्याला हे कौतुक परवडत नाही. पेणच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्याचेच उदाहरण घ्या.

या धंद्यात एक दिवस अढळ आहे : भाद्रपद शुद्ध चतुर्थी. दुसऱ्या दिवशी उरलेल्या मूर्तीला गिऱ्हाईक नाही. पण तिथी ठरलेली असली तरी तारीख सरकते. २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला. म्हणजे अकरा दिवस हातचे गेले. २०२६ साली अधिक ज्येष्ठ, म्हणून १४ सप्टेंबर. तेव्हा पहिली सवय ही, की नवे पंचांग येताच चतुर्थीपासून मागे मोजत यावे. शाडूची मूर्ती कडक उन्हात तडकते. सावलीत सावकाश वाळते आणि पावसाळ्यात अधिकच दिवस घेते. वाळण्याचे नि रंगाचे दिवस वजा करा, म्हणजे माती कधी मळायची ते वहीच सांगेल.

दुसरी सवय, मोलाचे काम आधी. मूर्तीत जीव येतो तो डोळ्यांच्या आखणीने. तो हात कारखान्यात एखाद्याचाच असतो. सकाळच्या चांगल्या उजेडात त्याला गिऱ्हाइकांशी बोलत बसवू नका. पैशाची बोलणी घरातले दुसरे कोणी करील.

तिसरी सवय किमतीची. समजा, माती, रंग आणि कारागिरांची मजुरी मिळून एका मूर्तीला ८०० रुपये लागले व ती १,००० ला विकली. तुम्ही म्हणाल, दोनशे सुटले! बरं, पण तुमच्या स्वतःच्या हातांची मजुरी? जागेचे भाडे, कर्जाचे व्याज, फुटतूट? हे सारे वहीत मांडा, मग किंमत सांगा. आणि घरखर्चाची वही निराळी ठेवा.

चौथी सवय सर्वांत अवघड : नाही म्हणण्याची. ऐन श्रावणात ओळखीचा माणूस येतो, "एवढ्या दहा मूर्ती कराच!" म्हणतो. तुम्ही हो म्हणता. मग ओलसर मूर्तीवर रंग चढतो, आखणी घाईत उरकते आणि वर्षानुवर्षांची गिऱ्हाइके नाराज होतात. भीड ही भिकेची बहीण, ती अशी.

चतुर्थी पार पडली, की चार दिवस विश्रांती घ्या. मग साचे दुरुस्त करा आणि यंदा कुठे कमी पडलो ते वहीत लिहून ठेवा. कारखान्यात वाढणारी मुले तुमची कला पाहतात, तशी तुमची ओढाताणही पाहतात. हा धंदा पुढे चालवायचा की नाही, ते ती त्यावरूनच ठरवतात.