पगार महिन्याचा, खर्च वर्षाचा

आपल्या समाजात नोकरदार कुटुंबांची संख्या वाढली, हे बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या शिक्षणाच्या व प्रतिनिधित्वाच्या हक्कांचे फळ होय. बँका, रेल्वे, टपाल खाते, शाळा-महाविद्यालये, नगरपालिका अशा ठिकाणी आपली माणसे स्थिरावली. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते, यांचे आता बरे चालले आहे. परंतु सभासदांशी बोलताना आमच्या कानावर वारंवार एकच गोष्ट येते : पगार वाढला, पण वीस तारखेनंतर हातात काही उरत नाही.

ही तक्रार खरी आहे. मात्र तिचे कारण जेथे शोधले जाते तेथे ते बहुधा नसते. घरात वाद होतो तो तेलाच्या डब्यावरून, डाळीवरून, भाजीवरून. गृहिणीला हिशेब विचारला जातो. वास्तविक किराण्यात तिने आधीच इतकी काटकसर केलेली असते की तेथून आणखी शे-दोनशे रुपये काढणेही कठीण. पैसा गळतो तो दुसऱ्याच ठिकाणी.

याचा पुरावा सरकारी आकड्यांतही सापडतो. महागाई भत्ता ज्यावर ठरतो तो औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्र सरकारचा श्रम विभाग काढतो. कामगार कुटुंब शंभर रुपयांतील किती रुपये कशावर खर्च करते, याची पाहणी करून त्यात प्रत्येक गटाला भार दिलेला असतो. २००१ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत खाण्यापिण्याच्या वस्तूंचा भार ४६.२० टक्के होता. २०१६ हे पायाभूत वर्ष धरलेली मालिका सप्टेंबर २०२० पासून लागू झाली, तीत तो ३९.१७ वर आला. उलट दवाखाना, शिक्षण, प्रवास, टेलिफोन इत्यादींचा जो संकीर्ण गट आहे, त्याचा भार २३.२६ वरून ३०.३१ वर गेला. घराचा खर्चही १५.२७ वरून १६.८७ झाला. म्हणजे पंधरा वर्षांत खर्चाचा ओघ ताटाकडून फी, औषध व भाडे यांकडे वळला.

आता या दोन प्रकारच्या खर्चांत एक मोठा फरक आहे. किराणा दरमहा जवळजवळ सारखा येतो, त्यामुळे तो डोळ्यांसमोर राहतो. फी जूनमध्ये येते, विम्याचा हप्ता मार्चमध्ये, घरपट्टी तिच्या वेळी, आणि आजार तर सांगून येत नाही. आपण हिशेब करतो महिन्याचा, त्यामुळे हे खर्च वहीत दिसतच नाहीत. आले की मात्र आभाळ कोसळल्यासारखे वाटते.

समजा, एका कुटुंबात कपाती जाऊन ४५,००० रुपये पगार हातात येतो. वर्षभरात दोन मुलांची फी, क्लास व पुस्तके ४८,०००, विमा १८,०००, औषधपाणी १५,०००, लग्नकार्यांचे आहेर व गावी जाणे-येणे १५,०००, जयंती, वर्षावास, धम्मचक्र प्रवर्तन दिन यांची वर्गणी व कपडेलत्ते १२,०००, घरपट्टी ६,०००, दुचाकीचा विमा व दुरुस्ती ६,०००. बेरीज होते १,२०,००० रुपये, म्हणजे दरमहा १०,०००. यात चैनीचा एक पैसाही नाही. तात्पर्य, हे कुटुंब स्वतःस ४५,००० चे समजते, पण त्याला महिना चालवायचा आहे ३५,००० मध्ये. ज्या घराला ही गोष्ट ठाऊक नाही ते दर जूनमध्ये कर्ज काढते, आणि ते फिटण्याआधी पुढचा जून येतो.

आपल्या घरांत याखेरीज आणखी एक बाब असते. ज्यांच्या घरी दोन-तीन पिढ्या नोकरी आहे त्यांच्याजवळ राहते घर, थोडे सोने, गावी शेत असे काही असते. अडचणीत ते उपयोगी पडते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पहिलीच किंवा दुसरी पिढी पगार पाहत आहे. गावी आई-वडील, धाकटा भाऊ शिकणारा, बहिणीचे लग्न व्हायचे. एकाच पगारावर दोन चुली चालतात. हे ओझे टाकून द्यावे असे आम्ही म्हणणार नाही, कारण त्या आई-वडिलांच्या कष्टांतूनच ही नोकरी आली. पण गावी पाठवायची रक्कम पहिल्या तारखेसच वहीत लिहावी. उरले तर पाठवू, असे म्हटल्याने ना गावचे भागते ना घरचे.

महागाई भत्त्याबद्दलही एक गैरसमज आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा भत्ता जानेवारी व जुलै असा वर्षातून दोनदा ठरतो, आणि तो मागील बारा महिन्यांच्या निर्देशांकाच्या सरासरीवर. म्हणजे भाव पुढे चालतात आणि भत्ता मागून येतो. कंत्राटी व खाजगी नोकरीतल्यांना तर तोही बहुधा नाही. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. परकीय चलनात रुपयाचा दर किती, यापेक्षा रुपयात बाजारात काय मिळते ते स्थिर राहणे महत्त्वाचे, हा त्यातील गाभ्याचा मुद्दा होय. त्या ग्रंथाचे नाव जयंतीच्या भाषणांत नेहमी घेतले जाते. तो प्रश्न आपल्या स्वयंपाकघराचा आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

भगवान बुद्धांनी गृहस्थाला पैशाविषयी काही सांगितले नाही, असे समजणारेही पुष्कळ आहेत. अंगुत्तर निकायात कोलिय कुळातील दीघजाणू नावाचा गृहस्थ येतो व आम्हा संसारी माणसांना झेपेल असे काही सांगा, अशी विनंती करतो. त्याला सांगितलेल्या चार गोष्टींतील एक म्हणजे समजीविता : मिळकत व खर्च दोन्ही ओळखून, फार उधळपट्टी नाही व फार चिक्कूपणाही नाही, असे जगणे. तेथे तराजू धरणाऱ्याची उपमा आहे. पारडे किती झुकले, किती वर गेले, हे त्याला कळते. आमच्या मते येथील महत्त्वाचा शब्द ‘कळते’ हा आहे. कमी खर्च करा एवढाच तो उपदेश नाही. आधी तोलून पाहा, असा तो आहे. दुसऱ्या एका सुत्तात अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत, त्यांत कुणाचे देणे नसणे हे एक सुख गणले आहे.

देण्याचा विषय निघालाच आहे, तर व्याजाचे थोडे स्पष्ट सांगणे जरूर आहे, कारण आमच्या पाहण्यातील सुशिक्षित माणसेही येथे फसतात. दोन लाख रुपये पाच वर्षांसाठी १४ टक्क्यांनी घेतले. उरलेल्या मुदलावर व्याज असेल तर हप्ता सुमारे ४,६५० रुपये येतो व एकूण सुमारे २ लाख ७९ हजार फेडावे लागतात. तेच १४ टक्के ‘फ्लॅट’ असतील, तर मुद्दल फिटत गेले तरी व्याज पूर्ण दोन लाखांवरच लागते. हप्ता ५,६६७ रुपये व फेड ३ लाख ४० हजार. दर एकच दिसतो, फरक ६१ हजारांचा! खरा दर येथे २३ टक्क्यांवर जातो. शेकडा पाच म्हणून सावकार देतो ते दरमहा असते, वर्षाचे ६० टक्के झाले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्त कंपन्यांनी नव्या वैयक्तिक कर्जदारास सर्व आकार धरून वार्षिक दर दाखवणारे तथ्यपत्रक, त्याला समजेल अशा भाषेत, देणे बंधनकारक आहे. सही करण्यापूर्वी ते मागावे. आणि पगारपत्रक पत्नीस दाखवावे. पतपेढीची कपात किती, जामीन कुणाला राहिलो, हे घरात ठाऊक नसते व मग ‘पैसा जातो कुठे’ हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो.

कर्जाचे एक मोठे कारण लग्न. बौद्ध पद्धतीच्या विवाहाला तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांची प्रतिमा, फुले, मेणबत्ती व त्रिशरण-पंचशील एवढे पुरते. हॉल, डी.जे. आणि पाचशे पानांचे जेवण त्यात कुठून शिरले, हे ज्याचे त्याने आठवावे.

हिशेब कोलमडतो तेव्हा पहिली कात्री कुठे लागते? आहेरावर नाही, मोबाइलवर नाही. मुलीचा क्लास बंद होतो. ‘बी.एस्सी. कशाला, डी.एड. कर’ असे तिला सांगितले जाते. मुलासाठी मात्र कर्ज निघते. हे आम्ही आपल्याच घरांत पाहतो, म्हणून विद्यार्थ्यांसाठी थोडे लिहितो.

भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा २०१३-१४ मध्ये अडीच लाख झाली व पुढील दहा वर्षे तेथेच राहिली. एवढ्या काळात शिपायाचा पगारही तिच्या वर गेला. त्यामुळे ‘आपल्याला काही मिळत नाही’ असे समजून अनेक पालक अर्जच करू देत नाहीत. परंतु मर्यादेवरील अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची योजना, म्हणजे फ्रीशिप, वेगळी आहे. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावा लागतो व दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मागील गुणपत्रिका, हे कागद मे महिन्यातच तयार ठेवावेत. प्रवेशाच्या गर्दीत तहसील कार्यालयात पाच-सहा चकरा होतात. फ्रीशिपमध्ये निर्वाहभत्ता नसतो. खोली, खानावळ, पुस्तके व प्रवास घरूनच करावा लागतो, आणि ती रक्कम वर्षाच्या वहीत मुलीच्या नावापुढे आधी लिहावी, आहेराच्या ओळीच्या वर.