एकचाकी सायकलची ट्रायल्स आणि नवखा स्पर्धक

सर्कशीमुळे परिचित असलेल्या एकचाकी सायकलवर बसून, जमिनीला पाय न टेकता ठरावीक अडथळे पार करण्याच्या स्पर्धेला ट्रायल्स म्हणतात. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रोज दिसणारी लाकडी पॅलेट आणि केबलचे रिकामे ड्रम यांसारख्या सामानातूनच तिचे मैदान बहुधा उभे राहते. या सायकलीला फ्रीव्हील नसते, म्हणजे पेडल थेट चाकाच्या आसाशी जोडलेले असते, त्यामुळे पेडल रोखले की चाकही रोखले जाते आणि स्वाराला एका हाताने सीटची मूठ धरून जागच्या जागी उड्या मारता येतात. १९८२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय युनिसायकलिंग महासंघाचे नियम नवख्याला खरोखर धीर देणारे आहेत, कारण दिलेल्या वेळेत क्रमांकित टप्पे हव्या त्या क्रमाने घेता येतात आणि पडल्यास गुण न जाता तोच टप्पा पुन्हा आरंभापासून करता येतो. नवखा मात्र अवघड टप्प्यावरच अडून बसतो, दम घालवतो आणि सोपे टप्पे राहून जातात. पॅलेटच्या कडेवर जाड टायर दबून क्षणभर थरथरतो, पाय निसटतो आणि पेडलवरच्या टोकदार पिना नडगीवर, म्हणजे गुडघ्याखालच्या पुढच्या हाडावर, आदळतात. म्हणून हेल्मेटइतकेच नडगीचे पॅडही आवश्यक मानावे.