शाळकरी मुलांची ऑनलाइन स्पीच थेरपी : मुलाच्या शेजारी कोण बसतं?

आजचा प्रश्न पालक आणि शिक्षक दोघंही विचारतात. मोबाइलवरून स्पीच थेरपी होते का? खरंच फरक पडतो, की नुसतं मनाचं समाधान?

होते. पण एका अटीवर, आणि आज मी मुख्यतः त्या अटीबद्दलच बोलणार आहे.

उदाहरण घेऊ. समजा, तिसरीतला एक मुलगा आहे. त्याचा 'र' अजून 'ल' निघतो. सकाळी हजेरीला तो 'हजल' म्हणतो आणि मागच्या बाकावर हशा पिकतो. पंधरा दिवसांनी तो नुसता हात वर करायला लागतो. मग वाचनाच्या तासाला पोट दुखायला लागतं. बाईंना वाटतं, पोरगं लाजाळू आहे. गावात थेरपिस्ट नाही, आणि जिल्ह्याला जायचं तर आईचा रोज बुडतो. अशा घराला ऑनलाइन हाच काय तो मार्ग उरतो.

पहिली गोष्ट : आधी कानांची तपासणी. ती प्रत्यक्षच करायची, पडद्यावर नाही. सर्दीनंतर मधल्या कानात पाणी साठून राहिलं तरी ऐकू कमी येतं, आणि जे नीट ऐकू येत नाही ते तोंडातून नीट कसं येणार? तसंच टाळू, जीभ, दात एकदा डॉक्टरांनी बघायला हवेत. आणि थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी आहे का, हे बिनदिक्कत विचारा.

आता 'र' कसा होतो ते बघा. करून बघा आत्ता, बसल्या जागी. 'ल' म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकून राहतं आणि हवा बाजूंनी जाते. 'र' म्हणताना टोक क्षणभर टेकतं आणि सुटतं. सगळा फरक तोंडाच्या आत. 'प', 'ब', 'म' ओठांवर दिसतात. 'र' दिसत नाही. समोर बसलेली थेरपिस्ट बोटाने किंवा चमच्याने जागा दाखवू शकते. पडद्यातून हात बाहेर येत नाही.

मग हात कुणाचा? आईचा, आजीचा, नाहीतर शाळेतल्या बाईंचा. हीच ती अट. थेरपिस्ट पडद्यावरून सांगते, 'वरच्या दातांमागे किंचित मध लावा, त्याला जिभेचं टोक लावू दे,' आणि शेजारी बसलेलं माणूस ते करतं. म्हणून चांगल्या ऑनलाइन सत्रात थेरपिस्ट निम्मा वेळ मुलाशी बोलते आणि निम्मा वेळ या मोठ्या माणसाला शिकवते : चूक कुठे ऐकायची, कधी थांबायचं, शाबासकी कधी द्यायची. मुलाला फोनसमोर बसवून आई स्वयंपाकघरात गेली, की त्या सत्रातला बराचसा भाग वाया गेला समजा.

थोडं तंत्राबद्दल. फोन हातात धरू नका, डब्याला टेकवून मुलाच्या तोंडाच्या उंचीवर ठेवा. उजेड समोरून हवा. पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळा दिसतो. व्हिडिओ कॉलमध्ये आवाज दाबून पाठवला जातो, आणि 'स', 'श' यांसारख्या घर्षणाच्या आवाजांचा बारकावा त्यात हरवू शकतो. म्हणून मुलाचे दहा शब्द फोनवरच रेकॉर्ड करून पाठवा, थेरपिस्टला ते जास्त स्वच्छ ऐकू येतात. शिवाय आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे दोघांनी एका सुरात म्हणणं जमत नाही. आधी थेरपिस्ट, मग मूल, असं आळीपाळीनेच. आणि मुलाचं रेकॉर्डिंग नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचं नाही, एवढं पथ्य पाळा.

आता सराव. आठवड्यातला अर्धा तास म्हणजे दिशा दाखवणं. खरं काम घरी, रोज पाच-दहा मिनिटांचं. आधी कान तयार करायचा : आईने 'रात' आणि 'लात', 'मार' आणि 'माल' म्हणायचं, मुलाने चित्र दाखवायचं. मग सुटा आवाज, मग शब्द, मग वाक्य, शेवटी गप्पा. पायरी गाळू नका. जेवताना, पाहुण्यांसमोर 'नीट बोल बघू' म्हणून टोकू नका. सरावाची वेळ ठरलेली असू दे, बाकीचा वेळ त्याला मोकळं बोलू द्या.

एक सावधगिरी थेरपिस्ट मंडळींसाठी. ऑनलाइनमुळे पुण्यात बसून वऱ्हाडातलं मूल तपासता येतं. ते 'पानी' म्हणालं, 'डोया' म्हणालं, तर तो दोष नव्हे. ती त्याच्या घरची बोली आहे. आजी, आई तसंच बोलतात का, हे आधी विचारा. बोली दुरुस्त करायला आपण बसलेलो नाही.

सगळ्यांना पडदा पुरेल असंही नाही. दोन मिनिटंही समोर न बसणारं मूल, गिळायला त्रास असलेलं मूल, ऐकू फारच कमी येणारं मूल, यांना प्रत्यक्ष भेटी लागतातच. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात वाचा आणि भाषेच्या अक्षमतेचा समावेश आहे. गरज असेल तिथे शाळेशी त्या आधाराने बोला.

शेवटचं. मुलाला पडद्यावर 'र' आला की पालक खूश होतात आणि सत्रं थांबवतात. तिथे थांबू नका. घरी येणारा 'र' वर्गात यायला वेळ लागतो, आणि त्यासाठी एखाद्या सत्रात बाईंना बोलवा. हसणाऱ्यांना त्याच आवरू शकतात, मुलाला उत्तर द्यायला दोन क्षण जास्त त्याच देऊ शकतात. आपल्या त्या मुलाने हजेरीला हात खाली ठेवून 'हजर' म्हटलं, की मग थेरपिस्टला फोन करा आणि सत्रं कमी करू या म्हणा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.